अब्जाधीशांची शिरगणती

दर दहा वर्षांनी सरकार आपली शिरगणती करते. दारावर खडूने क्रमांक पडतो. घरात माणसे किती, चूल कशावर पेटते, पाणी कोठून आणता, हे सारे विचारून लिहून घेतले जाते. २०११ सालच्या गणनेत भंडारा जिल्ह्यात १२,००,३३४ माणसे भरली. पुढची गणना २०२१ साली व्हावयाची, ती त्या साली झाली नाही आणि पुढे २०२७ ची म्हणून जाहीर झाली. या मधल्या काळात दुसरी एक शिरगणती मात्र एकही वर्ष न चुकता होत राहिली. ती जगातील अब्जाधीशांची. ती कोणतेही सरकार करीत नाही. अमेरिकेतील ‘फोर्ब्स’ नावाचे एक व्यापारी नियतकालिक करते. २०२५ च्या गणतीत असे ३,०२८ लोक भरले. आपल्या पवनी-लाखांदूरकडील एखाद्या बऱ्यापैकी गावाची ही वस्ती झाली. या गावाची एकूण मालमत्ता मात्र १६.१ लाख कोटी डॉलर एवढी.

या विषयावर आम्ही बोलणार असे समजल्यावर एका स्नेह्यांनी विचारले, की ज्याचा जन्म बिडीवाल्यांचे आणि खाणमजुरांचे हिशेब करण्यात गेला त्याला अब्जाधीशांतले काय कळणार? प्रश्न रास्त आहे. आमचे शाळेचे शिक्षण थोडे. जे काही शिकलो ते वाचनालयात आणि मजुरीच्या पत्रकांवर. पण मोजणे हा आमचा धंदाच आहे. मजुराचे दिवस, नग, कपात, रजा, भविष्यनिर्वाह निधी यांची मोजणी करता करता एक गोष्ट आमच्या ध्यानात येत गेली, की माणसे मोजण्याचा आणि संपत्ती मोजण्याचा इतिहास वेगवेगळ्या वाटांनी गेला आहे. त्या वाटा एकमेकींपासून कोठे फुटल्या, ते आपल्याच जिल्ह्याच्या आधाराने पाहण्याचा आज विचार आहे.

प्रथम ‘अब्ज’ या शब्दाविषयी. अब्ज म्हणजे शंभर कोटी. हा आकडा आपल्या बुद्धीला पेलत नाही म्हणून आम्ही तो बिड्यांत करून पाहिला. चांगल्या हाताची बाई सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसली तर हजार बिड्या वळते. तिने एकही दिवस खाडा न करता रोज हजार वळल्या, तर अब्ज बिड्या होण्यास सुमारे २,७४० वर्षे लागतील. म्हणजे गौतम बुद्धाच्या जन्माआधी तिने सूप मांडीवर घ्यावयास हवे होते. आणि फोर्ब्सचा अब्ज डॉलरचा असतो. २०२५ च्या भावाने एक अब्ज डॉलर म्हणजे साधारण साडेआठ हजार कोटी रुपये. आपल्या आजीच्या पिढीला लखपती हा शब्द पुरत असे. नंतर करोडपती आला. शब्द असे वरवर सरकत जातात त्याचे एक कारण पैशाची घसरण हे आहे, आणि पुढे आकडे सांगताना त्याची वजावट आम्ही करणार आहोत.

आता आपल्या जिल्ह्यातील जुन्या श्रीमंताकडे वळू. तो मालगुजार. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत बनला, आणि लवकरच इंग्रजांनी गावोगाव जमिनीचा बंदोबस्त सुरू केला. भोसल्यांच्या काळी पाटील हा वसुली करून सरकारात भरणारा. इंग्रजांनी त्याला गावाचा मालक करून टाकले. पण मालक करताना त्याचे सर्व काही मोजलेही. शेत किती, बांधी किती, पडीत किती, तलावाखाली भिजते किती, कूळ कोणते, त्याचा सारा किती, गावाला जंगलातून लाकूडफाटा घेण्याचा निस्तार हक्क कोणता, हे सर्व कागदावर आले. ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाचा गावाच्या वहिवाटीचा जो कागद तेव्हा झाला, त्याचा दाखला निस्ताराच्या भांडणात अजून काढला जातो.

मालगुजार सज्जन होते असे आम्ही म्हणत नाही. वेठबिगार होती, नजराणे होते, कुळाच्या पाठीवर आसूड होता. पण त्यांची संपत्ती गावाच्या डोळ्यांसमोर असे. वाडा दिसे, धानाची कोठारे दिसत, तलाव दिसे. आपल्या पूर्व विदर्भातील हे तलाव बहुतांशी कोहळी समाजाच्या कसबाने झालेले. नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळी याच्या नावाने सांगितला जातो. मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’, हे श्रीमंताच्या संपत्तीचे असे रूप होते की ज्याच्या पाण्यावर गरिबाची बांधीही भिजे. १९५० साली मध्यप्रदेश सरकारने मालकी हक्क रद्द करण्याचा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. ती संपविणे सरकारला जमले याचे एक साधे कारण असे, की घ्यावयाचे काय याची यादी सरकारच्या दप्तरात तयार होती. घरच्या शेतीची जमीन मालगुजाराकडे राहिली, बाकीचे हक्क सरकारजमा झाले. (तलाव सरकारजमा झाल्यावर त्यांतील गाळ कोणाच्या जमा झाला, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.)

मालगुजारी ऐन भरात असतानाच तुमसरकडे दुसऱ्या जातीची संपत्ती उगवली होती. १८९६ साली ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ नावाची विलायती मंडळी मँगनीज शोधीत या प्रांतात आली. पुढे तिचीच सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली. आपल्याकडील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणी त्याच इतिहासातल्या. पोलाद करण्यास मँगनीज लागते, आणि युरोपात पोलादाची भूक मोठी होती. डोंगर येथे फुटला, टोपली येथल्या बाईच्या डोक्यावर चढली, आणि नफा इंग्लंडात नोंदलेल्या कंपनीच्या भागधारकांत वाटला गेला. जिल्ह्यातील मजुराला आपला मालक दिसेनासा झाला तो या वेळेपासून. मालगुजाराच्या वाड्यावर मोर्चा नेता येत असे. भागधारकाच्या दारावर कसा न्यावा? १९६२ साली मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड निघाली, तीत ५१ टक्के भाग केंद्र व दोन राज्य सरकारांचे आणि ४९ टक्के जुन्या कंपनीचे होते. १९७७ साली तेही भाग सरकारने घेतले. पुढे २०१० साली ‘मॉयल’ या नावाने तिचे काही भाग बाजारात विकण्यात आले. डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटरीत जाते. विजेरीचे बटन दाबताना आपल्या जिल्ह्याचा डोंगर आपल्या हातात असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आणि तिसरी संपत्ती बिडीची. हिच्याविषयी आम्ही जरा जास्त बोललो तर श्रोत्यांनी क्षमा करावी.

तेंदूची झाडे आपल्या जंगलात. तंबाखू गुजरातेतून व निपाणीकडून येणारी. आणि धानाचा हंगाम संपला की रिकामे होणारे हात गावोगाव. या तिघांना एकत्र आणणारा व्यापारी विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेच्या कडेने आला, त्यांत गुजरातचे पाटीदार पुष्कळ. गोंदिया (जे १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होते) या धंद्याचे मोठे ठाणे झाले. गोंदियाचे मनोहरभाई पटेल या धंद्यातूनच पुढे आले, आमदार झाले आणि १९५८ साली त्यांनी गोंदिया एज्युकेशन सोसायटी काढली. त्या संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांत बिडी वळणारांची मुले शिकली, हेही येथे नोंदले पाहिजे.

या धंद्याला यंत्र लागत नाही. पत्ती, जर्दा, सूत, कात्री आणि सूप एवढे असले की माजघराचा कारखाना होतो. म्हणूनच मोजणीला येथे एवढे महत्त्व आले. फळीवर तेंदूपत्ता द्यायचा तर पुड्यात सत्तर पाने मोजून बांधा. सट्टेदाराकडून पत्ती व जर्दा घेताना तोलून घ्या. परत बिड्या द्यायच्या त्या हजारावर. त्यांतून छाट निघते. आखूड, सैल, फुटकी म्हणून बाजूला काढलेली बिडी मजुरीत धरली जात नाही. उमेदवारीच्या दिवसांत एका कारखान्यात, नाव घेण्याचे प्रयोजन नाही, छाट म्हणून काढलेल्या बिड्या पुन्हा त्याच पाटीत पडताना आम्ही पाहिल्या आहेत. मजुरीत त्या नव्हत्या, मालात होत्या. मालकाकडे वर्षाला किती छाट निघते असे विचारले तेव्हा तसा हिशेब ठेवण्याची पद्धत नाही असे उत्तर मिळाले.

या हातांसाठी मालगुजार व बिडीवाला यांच्यात ओढाताण होती, तिचा दाखला देशाच्या सर्वोच्च न्यायालयात नोंदला आहे. शेतीच्या हंगामात काही गावांतून बिड्या वळण्यास मनाई करता यावी म्हणून मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने १९४८ साली कायदा केला. सागर जिल्ह्यातील एका बिडी कारखानदाराने त्यास आव्हान दिले आणि ८ नोव्हेंबर १९५० रोजी न्यायालयाने तो रद्द ठरविला. शेतकऱ्याला मजूर हवा म्हणून कोणाचा व्यवसायच बंद करता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. निकाल बरोबरच होता. पण दोन्ही बाजूंच्या युक्तिवादात एक गोष्ट उरली, की वळणारीला काय मिळते याची वाच्यता नव्हती. तीसाठी १९४८ चा किमान वेतन कायदा, मग १९६६ चा बिडी व सिगार कामगार कायदा आणि त्यावर १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने मारलेली मान्यतेची मोहोर एवढी वाट चालावी लागली. सरकारी नोंदीप्रमाणे देशात सुमारे पन्नास लाख बिडी कामगार आहेत. ओळखपत्र, पासबुक, नगांची नोंद, सर्व त्यांच्यासंबंधी आहे. यात स्त्रिया बहुसंख्य. (फोर्ब्सच्या २०२५ च्या यादीतील ३,०२८ पैकी स्त्रिया ४०६, आणि त्यांतील बहुतेकींची संपत्ती वारशाने आलेली आहे.)

आता प्रश्न असा, की या स्वतंत्र देशाने मोठ्या संपत्तीचीही अशीच नोंद ठेवण्याचा प्रयत्न केला नाही काय? केला. आणि तो किती मनापासून केला हे आजच्या तरुणांना सांगितले तर खरे वाटत नाही.

१९५३ साली मृत्यूनंतर मागे राहणाऱ्या मोठ्या मालमत्तेवर इस्टेट ड्यूटी बसली. १९५६ साली केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डॉर यांनी सरकारच्या सांगण्यावरून भारतीय करपद्धतीवर अहवाल दिला आणि त्याला धरून १९५७ साली संपत्तीकर आला, १९५८ साली देणगीकर आला. त्यामागील विचार सरळ होता. उत्पन्न लपविता येते. पण उत्पन्न, साठलेली संपत्ती, दान आणि वारसा अशा चारी दारांवर पहारा ठेवला तर एका दाराची नोंद दुसऱ्या दाराची चोरी पकडून देते. १९६३ च्या ऑगस्टमध्ये डॉ. राममनोहर लोहियांनी लोकसभेत देशातील गरिबाचे रोजचे उत्पन्न तीन आणे असल्याचे सांगितले, सरकार पंधरा आणे म्हणाले, आणि सबंध देश त्या बारा आण्यांवर वाद घालू लागला. योजनांनी वाढलेले उत्पन्न गेले कोठे, हे शोधण्यासाठी प्रा. महालनोबीस यांची समिती बसली होतीच. १९६५ साली न्या. दासगुप्ता यांच्या मक्तेदारी चौकशी आयोगाने दाखवून दिले, की ७५ औद्योगिक घराण्यांच्या हाती खाजगी कंपन्यांच्या मालमत्तेपैकी जवळजवळ ४७ टक्के मालमत्ता आहे. हा आकडा सरकारी होता. तो कोणा नियतकालिकाचा अंदाज नव्हता.

या करांत दोष नव्हते असे नाही. १९७३-७४ साली आयकराचा सर्वांत वरचा दर अधिभार धरून ९७.७५ टक्क्यांवर गेला. एवढा कर भरण्यापेक्षा चुकविणे स्वस्त पडणार हे कोणीही सांगितले असते. वसुली थोडी, खटले फार. मग एकेक दार काढून घेण्यात आले. १९८५ साली इस्टेट ड्यूटी गेली. १९९३ पासून संपत्तीकरातून कंपन्यांचे भाग वगळले; दागिने, मोटारी, शहरातील मोकळी जागा असल्याच वस्तू त्यात उरल्या. मोठ्या धनिकाचे धन भागांत असते, वस्तूंत ते फार थोडे. म्हणजे पहारेकरी ठेवला तो गोठ्यावर, आणि तिजोरी परसात. १९९८ साली देणगीकर गेला. २०१५ च्या अर्थसंकल्पात संपत्तीकरही रद्द झाला. २०१३-१४ साली त्याची वसुली सगळी मिळून १,००८ कोटी रुपये झाली होती, तेवढ्यासाठी खर्च व त्रास कशाला, असे कारण देण्यात आले आणि एक कोटीवरील उत्पन्नावर दोन टक्के अधिभार वाढविण्यात आला. त्याच २०१५ साली फोर्ब्सच्या यादीत ९० भारतीय अब्जाधीश होते. २०२५ साली ते २०५ झाले.

पैशाच्या दृष्टीने सरकारने सौदा वाईट केला असे म्हणता येणार नाही. अधिभाराचे उत्पन्न अधिक. पण कराबरोबर विवरणपत्र गेले. आयकराच्या कागदात उत्पन्न कळते, आणि मोठ्या उत्पन्नाच्या माणसाला आपली मालमत्ता मांडण्याचे एक परिशिष्टही भरावे लागते. परंतु वर्षावर्षाला संपत्ती किती झाली याची बाजारभावाने होणारी गणती आज कोणतेही खाते करीत नाही. २०२४ साली नितीनकुमार भारती, लुकास शांसेल, तोमा पिकेटी व अनमोल सोमंची या चार अभ्यासकांनी भारतातील विषमतेचा शंभर वर्षांचा हिशेब मांडला. २०२२-२३ साली सर्वांत वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के हिस्सा होता, असे त्यांचे अनुमान आहे. सरकारी कर्ज-गुंतवणूक पाहणीत शिखरावरची घरे सापडत नाहीत म्हणून त्यांना फोर्ब्सच्या यादीचा आधार घ्यावा लागला. १८६० नंतरच्या इंग्रजाला आपल्या मालगुजाराची आंब्याची झाडे ठाऊक होती. आज विद्वानांना धनिकांची मालमत्ता एका परदेशी नियतकालिकातून घ्यावी लागते.

तेव्हा ती यादीच आता नीट पाहू. फोर्ब्सने १९१८ साली अमेरिकेतील तीस श्रीमंतांची पहिली यादी छापली, तीत तेलसम्राट जॉन रॉकफेलर १.२ अब्ज डॉलर धरून पहिला होता. अब्जाचा मान त्याला खरोखर केव्हा मिळाला यावर मतभेद आहेत. १९३७ च्या फेब्रुवारीत ‘टाइम’ साप्ताहिकाने हैदराबादचा निजाम मीर उस्मान अली याला जगातील सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर घेतले. आपल्या शेजारचे वऱ्हाड याच निजामाच्या घराण्याने १९०२ साली इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिले होते, वर्षाचे २५ लाख रुपये ठरवून. साऱ्या जगातील अब्जाधीशांची यादी मात्र १९८७ साली सुरू झाली. त्या वर्षी १४० नावे होती, एकूण मालमत्ता २९५ अब्ज डॉलर, आणि पहिला होता जपानचा योशिआकी त्सुत्सुमी, टोकियोच्या जमिनींचा मालक. योगायोग असा, की त्याच १९८७ च्या जुलैत जगाची लोकसंख्या पाच अब्ज झाल्याचे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती आठ अब्ज झाली.

म्हणजे माणसे दीडपटीहून थोडी जास्त वाढली. अब्जाधीश २०२५ पर्यंत जवळजवळ बावीसपट झाले, आणि त्यांची मालमत्ता सुमारे पंचावन्नपट. आता आधी कबूल केलेली वजावट करू. १९८७ चा डॉलर आज पावणेतीन डॉलरच्या सुमारास भरतो. ती घसरण काढून टाकली तरी मालमत्ता वीसपटीच्या आसपास वाढलेलीच राहते. ही वाढ सरळ रेषेत झालेली नाही. २००८ साली १,१२५ अब्जाधीश होते; अमेरिकेतील बँका बुडाल्या आणि २००९ च्या यादीत ७९३ उरले. लोकांना वाटले, फुगा फुटला. २०१० साली ते परत १,०११ झाले.

त्याहून बोलकी गोष्ट २०२० व २०२१ ची. २०२० च्या यादीत २,०९५ लोक व ८ लाख कोटी डॉलर. एका वर्षाने २,७५५ लोक व १३.१ लाख कोटी डॉलर. हे वर्ष कोणते ते सांगण्याची गरज नाही. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली, आणि आपल्या गावावरून जाणाऱ्या महामार्गाने नागपूरकडून रायपूरकडे डोक्यावर गाठोडी घेऊन माणसांची रांग चालू लागली. कारखाने बंद असताना श्रीमंती वाढली कशी, असा प्रश्न तेव्हा आमच्या सभासदांनी आम्हांला विचारला होता. मर्म असे आहे, की मंदी येऊ नये म्हणून निरनिराळ्या देशांच्या मध्यवर्ती बँकांनी व्याज खाली आणले आणि बाजारात पैसा सोडला. बँकेत पैसा ठेवून व्याज मिळेना, तेव्हा तो शेअरबाजारात शिरला आणि शेअरचे भाव चढले. ज्याच्याकडे कंपनीचे भाग होते तो झोपेतच अधिक श्रीमंत झाला. ज्याच्याकडे दोन हातच होते त्याच्या हातांना त्या वर्षी गिऱ्हाईक नव्हते.

या कागदी संपत्तीचे रूप आपल्याला घरबसल्या पाहता आले. तिरोडा हे गाव जुन्या भंडारा जिल्ह्यातले. तेथे अदानी समूहाचे ३,३०० मेगावॉटचे वीजकेंद्र आहे, ६६० मेगावॉटचे पाच संच. सप्टेंबर २०२२ मध्ये गौतम अदानी जगातील दुसऱ्या क्रमांकाचे श्रीमंत म्हणून काही काळ गणले गेले. २४ जानेवारी २०२३ रोजी हिंडेनबर्ग नावाच्या अमेरिकन संस्थेने त्यांच्या समूहावर आरोप करणारा अहवाल काढला, समूहाने ते आरोप फेटाळले, पण थोड्याच दिवसांत समूहाच्या भागांच्या किमतीतून शंभर अब्ज डॉलरहून अधिक रक्कम नाहीशी झाली. आरोपांचा खरेखोटेपणा येथे आमचा विषय नाही. सेबीने सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांपैकी काही आरोप निराधार ठरविले. आमचे लक्ष दुसरीकडे होते. त्या महिन्यात तिरोड्याची धुराडी तीच होती, कोळसा तोच, पाळ्या त्याच, पगारही तेच. म्हणजे ती रक्कम वीजकेंद्रात नव्हतीच. उद्या किती नफा होईल या बाजाराच्या समजुतीत ती होती. समजूत फिरली, रक्कम गेली. पुढे समजूत फिरली तेव्हा बरीच परतही आली. मालगुजाराचा तलाव एका रात्रीत असा नाहीसा होत नसे आणि दुसऱ्या रात्री भरतही नसे.

यावरून काही लोक म्हणतात, की ही संपत्ती खोटीच आहे, तिचा हेवा कशाला? हे आम्हांला पटत नाही. त्या कागदावर कर्ज मिळते, त्या कर्जाने दुसरी कंपनी विकत घेता येते, वर्तमानपत्र घेता येते. भाग विकले नाहीत तर उत्पन्न झाले असे धरत नाहीत, म्हणून आयकरही नाही. आणि भाग वारसाकडे जातात तेव्हा १९८५ पासून आपल्या देशात वाटेत कोणी उभे नाही. स्वित्झर्लंडच्या यूबीएस बँकेने २०२३ साली आपल्या पाहणीत नोंदविले, की त्या वर्षी नव्याने अब्जाधीश झालेल्यांना स्वतःच्या उद्योगापेक्षा वारशाने मिळालेली संपत्ती प्रथमच जास्त भरली. कर्तबगार माणसाला मोबदला मिळावा हा जो नेहमीचा युक्तिवाद, त्याची ताकद येथे कमी होते.

दुसरी बाजू आम्ही टाळणार नाही. चीनमध्ये गेल्या चाळीस वर्षांत कोट्यवधी लोक दारिद्र्यातून वर आले आणि त्याच काळात अब्जाधीशही झाले; हाँगकाँग धरून २०२५ साली ५१६. अमेरिकेत ९०२. या दोन देशांत आणि भारतात मिळून जगातले अर्ध्याहून अधिक अब्जाधीश राहतात. भारतातही १९९१ नंतर दारिद्र्य कमी झाले हे नाकारून चालणार नाही. आमच्या सभासदांच्या घरावर आज पत्रे व स्लॅब आहेत, त्यांच्या आईबापांच्या घरावर गवत होते. उद्योग निघाल्याशिवाय मजुरी वाढत नाही हेही आम्ही तीस वर्षांत शिकलो. आणि सर्वच मोठे उद्योग या यादीत शिरत नाहीत. शेजारच्या नागपुरात जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. त्या घराण्याच्या मूळ कंपनीचे ६६ टक्के भाग आज विश्वस्त निधींकडे आहेत, म्हणून एवढा मोठा समूह असून अब्जाधीशांच्या यादीत टाटा हे नाव वर दिसत नाही. तेव्हा उद्योग मोठा होण्यासाठी एक माणूस तेवढाच मोठा व्हावा लागतो, असे सिद्ध होत नाही.

२०२४ साली ब्राझीलच्या अध्यक्षतेखाली वीस राष्ट्रांची परिषद भरली तेव्हा फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ गाब्रिएल झुकमान यांनी एक योजना मांडली. जगातील सुमारे तीन हजार अब्जाधीशांनी दरसाल आपल्या संपत्तीच्या दोन टक्के तरी कर द्यावा. त्यातून २०० ते २५० अब्ज डॉलर जमतील. फ्रान्सच्या लोकसभेने फेब्रुवारी २०२५ मध्ये अशा स्वरूपाचा कायदा मंजूर केला, जूनमध्ये तेथील वरिष्ठ सभागृहाने तो फेटाळला. दोन टक्के थोडे की फार यावर वाद होऊ शकतो. आम्हांला त्यातील पहिले कलम महत्त्वाचे वाटते: कोणाकडे किती आहे हे देशोदेशींच्या सरकारांनी एकमेकांना कळविले पाहिजे. कर पुढे केव्हा बसेल तो बसो. भंडाऱ्यातून १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले आणि पडले. त्याआधी पाच वर्षे घटना समितीत त्यांनी बजावले होते, की राजकारणात प्रत्येकास एक मत आणि अर्थकारणात मात्र विषमता, हा विरोध फार दिवस टिकणार नाही. मतांची यादी दर निवडणुकीस दुरुस्त होते. दुसऱ्या यादीचे काम अजून सरकारने हाती घेतलेले नाही.

संपत्तीकर गेल्यावर दोन वर्षांनी, १ जुलै २०१७ पासून, वस्तू व सेवा कराबरोबर बिडी कामगारांचा कल्याण उपकरही रद्द झाला. १९७६ च्या कायद्याने तो हजार बिड्यांमागे बसविला होता. त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या व घरे होत. आता ती रक्कम अर्थसंकल्पातून जेवढी मिळेल तेवढी. ज्या बाईने तीस-चाळीस वर्षे बिड्या वळल्या तिला निवृत्तिवेतन मिळते ते पुष्कळदा किमान दराचे, सप्टेंबर २०१४ पासून महिना एक हजार रुपये. ते चालू राहावे म्हणून तिला दरवर्षी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. त्यासाठी यंत्रावर अंगठा ठेवायचा असतो. ओली पत्ती आणि सूत यांनी बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र अंगठा ओळखत नाही, आणि कारकून पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगतो. आता चेहरा दाखवूनही चालते असे म्हणतात. आमच्या कचेरीत दर मंगळवारी अशा बाया येतात. ज्यांचा दाखला अडला असेल त्यांनी पासबुक व आधारपत्र घेऊन यावे.